गुणाकाराने वाढलेले शहर

१९६१ साली औरंगाबादच्या नगरपालिका हद्दीत सुमारे ८८ हजार माणसे राहत होती. १९७१ मध्ये ती दीड लाख झाली, १९८१ मध्ये दोन लाख ८५ हजार आणि १९९१ मध्ये पाच लाख ७३ हजार. दर दशकात किती माणसे वाढली हे वजाबाकी करून पाहिले, तर ६३ हजार, एक लाख ३४ हजार आणि दोन लाख ८९ हजार असे तीन आकडे हाती येतात आणि त्यांत काही नियम असेल असे वाटत नाही. भागाकार केला की नियम दिसू लागतो: पुढच्या जनगणनेचा आकडा मागच्याच्या अनुक्रमे १.७, १.९ आणि २ पट आहे. माणसांची भर दर वेळी वेगळी पडली, पट मात्र दोनच्या आसपास राहिली. अशा वाढीला गणितात घातांकी वाढ म्हणतात. आजच्या छत्रपती संभाजीनगरची वस्ती, रस्ते आणि पाणी यांचे बहुतेक प्रश्न याच तीस वर्षांत तयार झाले. म्हणून या शहराचा अलीकडचा इतिहास सांगताना सनावळीबरोबर आलेखही समोर ठेवावा लागतो.

घातांकी फलाची मांडणी साधी आहे. आरंभीची संख्या अ आणि दर कालखंडातली पट ब धरली, तर क कालखंडांनंतरची संख्या म्हणजे अ गुणिले ब चा क वा घात. बदलणारी राशी, म्हणजे काळ, येथे घातांकाच्या जागी बसते. नावही त्यावरूनच पडले. शाळेत हा विषय चक्रवाढ व्याजाच्या रूपाने भेटतो. शंभर रुपये द.सा.द.शे. दहा दराने सरळव्याजाने ठेवले, तर वीस वर्षांत त्यांचे तीनशे होतात. चक्रवाढीने सुमारे ६७३. पन्नास वर्षांनी सरळव्याजाची रास ६०० रुपये असते आणि चक्रवाढीची ११,७३९. पहिली दोन-तीन वर्षे मात्र दोन्ही खात्यांत फारसा फरक नसतो. १०० नंतर ११० दोन्हीकडे, मग १२० आणि १२१, मग १३० आणि १३३. घातांकी वाढ आरंभी ओळखू येत नाही आणि ओळखू येते तेव्हा उशीर झालेला असतो. या शहराच्या बाबतीत हे अक्षरशः घडले.

हे गणित या प्रदेशाला जुने आहे. भास्कराचार्यांच्या ११५० च्या सुमाराच्या 'लीलावती'त गुणोत्तर श्रेढीचे एक उदाहरण आहे. एका दात्याने याचकाला पहिल्या दिवशी दोन कवड्या दिल्या आणि रोज दुपटीने देण्याचे कबूल केले, तर महिन्याअखेर एकूण दान किती? उत्तर २,१४,७४,८३,६४६ कवड्या. त्या काळच्या नाण्यांत हे १,०४,८५७ निष्क आणि वर काही द्रम्म, पण, काकिणी व कवड्या होतात. उत्तरापेक्षा ते काढण्याची रीत अधिक विलक्षण आहे. या उत्तरासाठी लागणारा २ चा ३० वा घात काढताना दोनला पुन्हा पुन्हा गुणत बसायचे नाही. तीस सम आहे, म्हणून निम्मे करून पंधरा, आणि शेजारी 'वर्ग' असे लिहायचे; पंधरा विषम, म्हणून एक कमी करून चौदा, शेजारी 'गुण'; असे शून्यापर्यंत उतरायचे. मग शेवटच्या खुणेपासून उलटे चढत जायचे: २, ४, ८, ६४, १२८, १६,३८४, ३२,७६८ आणि पुढच्या वर्गाला १,०७,३७,४१,८२४. आठ पायऱ्यांत तिसावा घात हाती येतो. आजचे संगणकही मोठे घात याच तत्त्वावर काढतात. भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी त्यांचा नातू चांगदेव याने मठ उभारला, त्याचा १२०७ मधला शिलालेख चाळीसगावजवळच्या पाटणे येथे आहे. तो १८६५ मध्ये डॉ. भाऊ दाजी यांनी उजेडात आणला. गौताळ्याच्या डोंगराच्या एका अंगाला पाटणे, तर दुसऱ्या अंगाला छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातला कन्नड तालुका आहे.

शहराचा स्वतःचा आलेख १६१० पासून सुरू होतो. अहमदनगरच्या निजामशाहीचा वजीर मलिक अंबर याने खडकी या गावाच्या जागी राजधानीचे शहर वसवले आणि काही वर्षांतच डोंगरातले पाणी भूमिगत नहरींतून गावात आणले. ही नहर-ए-अंबरी. १६२६ मध्ये त्याच्या मृत्यूनंतर मुलाने, फतेहखानाने, शहराला फतेहनगर नाव दिले. दख्खनचा सुभेदार म्हणून दुसऱ्यांदा आलेल्या औरंगजेबाने १६५३ मध्ये औरंगाबाद. मोगल सरदारांनी आपापले पुरे वसवले. जयसिंगपुरा, कर्णपुरा, पदमपुरा, बेगमपुरा ही नावे अजून तोंडी आहेत आणि बावन्न पुऱ्यांचे शहर ही ओळखही टिकून आहे. १६८२ मध्ये बादशहा स्वतः दरबारासह दक्षिणेत उतरला तेव्हा शहर भरभराटीला आले होते.

या भरभराटीला घातांकी म्हणणे मात्र चुकीचे ठरेल. राजधानीचे शहर हुकमाने फुगते: दरबार येतो, त्यामागे लष्कर, कारखाने, सावकार, बाजार येतो. १७६३ मध्ये दख्खनचा तेव्हाचा शासक निजाम अली याने राजधानी हैदराबादेस हलवली आणि आले ते सगळे त्याच वाटेने निघून गेले. घातांकी घसरणीत दर कालखंडाला असलेल्याचा ठरावीक हिस्सा कमी होतो. म्हणजे दर कालखंडातली पट एकाहून लहान असते, आलेख आधी झपाट्याने उतरतो, मग आडव्या अक्षाकडे सरकत राहतो, पण त्याला टेकत नाही. किरणोत्सारी पदार्थ असे घटतात. राजधानी गमावलेले शहर असे घटत नाही. एका निर्णयाने त्याच्या आलेखात कडा तुटते आणि पुढे दीर्घकाळ सपाटी राहते.

ती सपाटी जनगणनांत दिसते. १८८१ मध्ये शहराची लोकसंख्या सुमारे ३० हजार होती, १९०१ मध्ये ३७ हजार. १९०० च्या सुमारास मनमाडहून हैदराबादकडे जाणारा मीटरगेज रेल्वेमार्ग शहरावरून सुरू झाला, सुताची गिरणी त्याआधीच आली होती. तरी १९५१ मध्ये माणसे ६६ हजारच होती. पन्नास वर्षांत पावणेदोन पटीहून थोडी अधिक वाढ म्हणजे वर्षाला सव्वा टक्क्याहूनही कमी. या दराने दुप्पट व्हायला जवळपास साठ वर्षे लागतात. दुपटीचा काळ काढण्याचा सोपा ठोकताळा असा की वाढीच्या वार्षिक टक्केवारीने सत्तरला भागावे. हा ठोकताळा घातांकी वाढीपुरताच खरा आहे, कारण त्याच वाढीत दुपटीला लागणारा काळ आरंभीच्या संख्येवर अवलंबून नसतो: हजाराचे दोन हजार व्हायला जितकी वर्षे, तितकीच दहा लाखांचे वीस लाख व्हायला.

१९४८ च्या सप्टेंबरात हैदराबाद संस्थान भारतात सामील झाले आणि पुढच्या पंचवीस वर्षांत शहराचा स्वभाव बदलला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० मध्ये येथे महाविद्यालय सुरू केले. नागसेनवनातले ते मिलिंद महाविद्यालय. १९५६ मध्ये वैद्यकीय महाविद्यालय आले आणि त्याच वर्षी मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्याला जोडला गेला. १९५८ मध्ये मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले, १९६० मध्ये महाराष्ट्र राज्य आणि अभियांत्रिकी महाविद्यालय. खेड्यातला शिकणारा मुलगा आता हैदराबादऐवजी औरंगाबादची गाडी धरू लागला. औद्योगिक विकास महामंडळाने साठच्या दशकात रेल्वे स्टेशनजवळ वसाहत आखली, मग चिकलठाण्याला, पुढे वाळूजला. १९७२ च्या दुष्काळाने मराठवाड्यातली गावे उठवली. त्याच सुमारास सिडकोला नवे औरंगाबाद उभारण्याचे काम मिळाले. १९८१ मध्ये उच्च न्यायालयाचे खंडपीठ आले, १९८२ मध्ये महानगरपालिका झाली, १९८५ मध्ये वाळूजला बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला. आशियातले सर्वांत वेगाने वाढणारे शहर, अशी ख्याती पसरली ती याच दशकात.

घटनांची ही यादी वाढीची सुरुवात समजावते. वाढ पटीत का झाली, हे तिच्यातून कळत नाही. एक कारखाना आला आणि हजार कामगार आले, एवढेच असते तर ती बेरीज झाली असती. वाढ पटीत होण्यासाठी आलेल्या प्रत्येकाने आणखी कोणाला तरी आणावे लागते. येथे तसेच होत गेले. कंपनीत लागलेल्याच्या खोलीवर धाकटा भाऊ, मेहुणा, गावचा सोबती उतरला; त्याला काम मिळाले की तोही दुसऱ्यासाठी जागा करू लागला. कामगारवस्तीला वाणी, शिंपी, शिकवण्या, दवाखाने लागले, घरे बांधायला गवंडी आणि सेंट्रिंगवाले लागले आणि त्यांनाही घरे लागली. शहरात असलेल्या माणसांच्या प्रमाणात नवी माणसे येऊ लागली आणि वाढीचा वेग शहराच्या आकाराशी बांधला गेला. घातांकी फलाचे मर्म हेच आहे: आलेखावरच्या कोणत्याही बिंदूपाशी चढ हा त्या बिंदूच्या उंचीच्या प्रमाणात असतो. जन्मदराने एवढी वाढ होणे शक्य नव्हते. १९८१ ते १९९१ या काळात महाराष्ट्राची लोकसंख्या २५.७ टक्क्यांनी वाढली; औरंगाबाद शहराची शंभर टक्क्यांनी. यातला काही भाग हद्दीचा आहे, हे विसरता येत नाही. महानगरपालिका होताना भोवतालची खेडी शहरात आली आणि तिथे आधीपासून राहणारी माणसे एका रात्रीत शहरवासी झाली. आलेख वाचताना ही भर बाजूला ठेवली तरी वाढ मोठीच उरते.

१९६१ ते १९९१ या तीस वर्षांची सरासरी काढली, तर लोकसंख्या साडेसहा पट झाली. वर्षाला सुमारे साडेसहा टक्के. दुपटीचा काळ साठ वर्षांवरून अकरा वर्षांवर आला. साध्या आलेखपत्रावर, आडव्या अक्षावर साल आणि उभ्या अक्षावर लोकसंख्या घेऊन बिंदू मांडले, तर १८८१ ते १९६१ हा ऐंशी वर्षांचा भाग तळाशी जवळपास चिकटलेला दिसतो आणि नंतर रेघ एकदम उभी चढते. हे चित्र डोळ्यांना थोडे फसवते. ऐंशी वर्षे काहीच घडले नाही असे वाटते, पण त्या काळातही शहर जवळपास तिप्पट झाले होते. म्हणून अशा आकड्यांसाठी उभ्या अक्षावर संख्येऐवजी तिचा लॉगरिदम घेतात. दहा हजार ते एक लाख आणि एक लाख ते दहा लाख ही अंतरे त्यावर सारखी पडतात. घातांकी वाढ सरळ रेषा बनते आणि रेषेचा चढ म्हणजे वाढीचा दर. या आलेखावर शहराचा इतिहास तीन तुकड्यांत उलगडतो. १९५१ पर्यंत मंद चढाची रेषा, १९६१ च्या सुमारास वळण, मग तीस वर्षे तीव्र चढ, आणि १९९१ पाशी दुसरे वळण. राजधान्या, संस्थाने आणि राज्ये बदलल्याच्या तारखा इतिहासाच्या पुस्तकात ठळक छापलेल्या असतात. वाढीची वळणे त्यांच्यामागून काही वर्षांनी येतात. १९४८ आणि १९६० चा परिणाम रेषेवर खऱ्या अर्थाने सत्तरच्या दशकात दिसतो.

वाढ पटीची आणि सोयी बेरजेच्या, ही विसंगती पाण्याइतकी दुसऱ्या कशातच स्पष्ट झाली नाही. मलिक अंबरच्या नहरी आणि हर्सूलचा तलाव हे जुन्या शहराच्या मापाचे होते. पैठणला गोदावरीवरच्या जायकवाडी धरणाची पायाभरणी १९६५ मध्ये लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते झाली, १९७६ मध्ये इंदिरा गांधींनी धरणाचे लोकार्पण केले. शहरासाठी तिथून सत्तरच्या दशकात ७०० मिलिमीटर व्यासाची जलवाहिनी आली आणि नव्वदच्या दशकाच्या आरंभी १४०० मिलिमीटरची. व्यास दुप्पट झाला की नळाच्या छेदाचे क्षेत्रफळ चौपट होते. १९७१ ते १९९१ मध्ये लोकसंख्याही जवळपास चौपट झाली होती. म्हणजे दुसरी वाहिनी आली तेव्हा तिने झालेली वाढ कशीबशी गाठली, पुढच्या वाढीसाठी फारसे काही राखले नाही. त्यानंतर १९९१ ते २०११ मध्ये शहर पुन्हा दुप्पट झाले आणि नळाला काही दिवसांआड पाणी येणे नेहमीचे होऊन बसले. २५०० मिलिमीटरच्या वाहिनीचे भूमिपूजन व्हायला २०२० चा डिसेंबर उजाडावा लागला. लोकसंख्येची वक्ररेषा आणि पाणीपुरवठ्याच्या पायऱ्या एकाच कागदावर काढल्या, तर प्रत्येक पायरी वक्ररेषा वर निघून गेल्यावरच आलेली दिसते. दोष केवळ कामाच्या दिरंगाईचा नव्हता. १९७१ मध्ये बसून मागच्या दशकाइतकीच भर पुढेही पडेल असे कोणी धरले असते, तर १९९१ साठी पावणेतीन लाखांचा अंदाज निघाला असता. प्रत्यक्षात माणसे त्याच्या दुपटीहून अधिक झाली.

उलट चूकही तितकीच सोपी आहे. १९९१ मध्ये, दर दशकात दुप्पट हा नियम कायमचा मानला असता, तर २००१ साठी साडेअकरा लाख, २०११ साठी २३ लाख आणि २०४१ साठी एक कोटी ८३ लाख असे अंदाज निघाले असते. जगभरात अशा अंदाजांचा इतिहास मोठा आहे. थॉमस माल्थस याने १७९८ मध्ये लोकसंख्या भूमिती श्रेढीने आणि अन्न अंकगणिती श्रेढीने वाढते असे मांडले. बेल्जियमचा गणितज्ञ पियरे व्हेरहुल्स्ट याने १८३८ मध्ये त्यात दुरुस्ती सुचवली: जागा आणि साधने भरत आली की वाढीचा दर आपोआप कमी होतो. त्याच्या समीकरणाचा आलेख आरंभी घातांकी चढतो, मध्यावर जवळपास सरळ जातो आणि शेवटी एका मर्यादेपाशी आडवा होतो. त्याला लॉजिस्टिक वक्र म्हणतात.

औरंगाबादचे पुढचे दोन आकडे आहेत २००१ चा आठ लाख ७३ हजार आणि २०११ चा ११ लाख ७५ हजार. पट १.५ आणि मग १.३५ इतकी उतरली. माणसांची भर मात्र १९८१ पासूनच्या तिन्ही दशकांत जवळपास एकच आहे: दोन लाख ८९ हजार, तीन लाख, तीन लाख दोन हजार. तीस वर्षे गुणाकाराने वाढलेले शहर नंतर बेरजेने वाढू लागले होते. कारणे शोधायला दूर जावे लागत नाही. नवे कारखाने शहराच्या हद्दीबाहेर गेले. वाळूजजवळचे बजाजनगर आणि शेंद्र्याची औद्योगिक वसाहत महानगरपालिकेच्या आकड्यात येत नाहीत, पण तिथली माणसे शहराच्याच बाजारात येतात. शहरातली जमीन महागली, पाणी अपुरे पडले आणि मराठवाड्यातल्या शिकलेल्या तरुणाला पुणे जवळ वाटू लागले. वाढ थांबली असे म्हणता येत नाही. दरसाल तीस हजार माणसे ही मोठीच भर आहे. आलेल्याने दुसऱ्याला आणायचे, ही साखळी शहराच्या मध्यात सैल पडली आणि काठावर घट्ट झाली.

तीन समान वाढींवरून पुढची दिशा ठरत नाही. ती सरळ रेषा असू शकते आणि लॉजिस्टिक वक्राचा मधला तुकडाही असू शकतो, कारण तो तुकडा सरळच दिसतो. २०२१ ची जनगणना झाली नाही. पुढच्या जनगणनेसाठी १ मार्च २०२७ हा संदर्भ दिनांक जाहीर झाला आहे. वर्षाला तीस हजारांची सरळ रेषा सोळा वर्षे पुढे नेली तर सुमारे १६ लाख ६० हजार येतात. २००१ ते २०११ ची पट कायम धरली तर सुमारे १८ लाख ९० हजार. मोजणी पहिल्या आकड्याजवळ आली तर शहर बेरजेनेच वाढत आहे, दुसऱ्याजवळ आली तर गुणाकार पुन्हा सुरू झाला आहे, आणि पहिल्याच्याही बरीच खाली आली तर वक्र आडवा होऊ लागला आहे. २०११ नंतर सातारा-देवळाई हा भाग महानगरपालिकेत आला असल्यामुळे ही तुलना करताना तिथली लोकसंख्या आधी वेगळी काढावी लागेल.